लेन्सच्या झबल्याचं माप

या वेळी कॅमेऱ्याच्या लेन्सच्या पाऊचबद्दल इतकी पत्रं आली की सगळं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. मोठ्या टेलिफोटोबरोबर कंपनी बहुधा गादीची केस देते. हाल होतात छोट्या लेन्सेसचे. पन्नास आणि पस्तीस मिमीच्या, चपट्या पॅनकेक, कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्स या सगळ्या एकतर नुसत्या मखमली पिशवीतून येतात किंवा तीही नसते. मग त्या बॅगेत चार्जरच्या पिनेशेजारी लोळत राहतात.

प्रश्न : कॅननची ५० मिमी एफ १.८ एसटीएम घेतली आहे. ऑनलाइन पाऊच पाहिले तर कुठे ‘स्मॉल, मीडियम, लार्ज’, कुठे ‘८ × ६’, तर कुठे ‘१२ × १४’ अशी मापं आहेत. कंपनी लेन्सचा व्यास ६९.२ मिमी सांगते. मग ७ सेंटीमीटरचा पाऊच पुरेल ना? – वाचक, नाशिक

नाही पुरणार. ६९.२ × ३९.३ मिमी हे माप उघड्या लेन्सचं आहे, त्यात दोन्ही झाकणं धरलेली नाहीत. पाऊचमध्ये लेन्स झाकणं लावूनच जाणार, तेव्हा लांबीत साधारण दीड सेंटीमीटर वाढवा. पुढे ४९ मिमीचा फिल्टर कायमचा बसवला असेल तर आणखी चार-पाच मिमी. हूड (काचेपुढे लावायची, आडवा उजेड अडवणारी कड) उलटा बसवून ठेवायची सवय असेल तर लांबी फारशी वाढत नाही, पण व्यास वाढतो. नेमकं इथेच बहुतेकांचं माप चुकतं.

म्हणून कंपनीचा आकडा बाजूला ठेवा आणि लेन्स जशी बॅगेत जाणार आहे तशी सजवून स्वतः मोजा. व्हर्निअर नसेल तर दोन जाडजूड पुस्तकं टेबलावर उभी करा, लेन्स त्यांच्यात अलगद धरा आणि पुस्तकांमधलं अंतर पट्टीने मोजा. दोऱ्याने घेर मोजून त्याला ३.१४ ने भागलं तरी चालतं, फक्त दोरा सर्वांत फुगीर जागी फिरवा. आलेल्या व्यासात ५ ते ८ मिमी आणि लांबीत ८ ते १० मिमी मिळवा. पाऊचच्या आतलं माप एवढं हवं. यापेक्षा कमी असेल तर फोम आधीच दबून जातो आणि धक्का झेलायला त्यात जीव उरत नाही. फार जास्त असेल तर लेन्स आत खुळखुळते, आणि पाऊच आपटला की ती आतल्या आत दुसऱ्यांदा आपटते.

आता त्या आकड्यांबद्दल. उभ्या डबीसारख्या पाऊचवर ‘८ × ६’ असेल तर पहिला आकडा रुंदी आणि दुसरा उंची, सेंटीमीटरमध्ये. लोप्रोच्या लेन्स केसची नावंच अशी आहेत : ७ × ८, ८ × ६, ८ × १२, ९ × १३. तुमची लेन्स फिल्टर आणि हूडशिवाय ८ × ६ मध्ये जेमतेम बसेल. हूडसकट ठेवायची असेल तर नऊ सेंटीमीटर रुंदीचा पाऊच पाहा.

‘१२ × १४’ हे मात्र बहुतेक वेळा निओप्रीनच्या, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या रबरी फोमच्या, चपट्या पिशवीचं माप असतं. पिशवी टेबलावर पसरून मोजलेली, तीही बाहेरून. हिशेब असा : दोन्ही बाजूंच्या शिवणीत आणि जाडीत मिळून एक सेंटीमीटर जातो, आत उरतात ११. गोल झाल्यावर तिचा घेर २२ सेंटीमीटर, म्हणजे व्यास जेमतेम ७. निओप्रीन ताणलं जातं, त्यामुळे तुमची लेन्स आत जाईल, पण नवीन मोज्यात पाय कोंबावा तशी. लेन्सच्या व्यासाला १.५७ ने गुणा आणि एक सेंटीमीटर मिळवा, ती चपट्या पिशवीची आतली रुंदी. तुमच्या बाबतीत ती जवळपास १२ येते, म्हणजे बाहेरून १३ ची पिशवी शोधा.

‘स्मॉल, मीडियम’वर विसंबू नका. विक्रेत्यागणिक त्यांचा अर्थ बदलतो. चार पाऊचचा स्वस्त संच घ्यायचा मोह होतो, पण छोट्या लेन्सेस असणाऱ्याला त्यातला एक, फार तर दोन उपयोगी पडतात. बाकीच्यांत पुढे चार्जर आणि केबली जातात.

बाकी वाचकांसाठी काही नेहमीच्या लेन्सेसची मापं, सगळी झाकणांशिवायची : निकॉन डीएक्स ३५ मिमी एफ १.८जी ७० × ५२.५ मिमी, निकॉन ५० मिमी एफ १.८जी ७२ × ५२.५, सोनीची १६-५० पॉवर झूम ६४.७ × २९.९, ऑलिंपस ४५ मिमी एफ १.८ ५६ × ४६, कॅननची २४ मिमी पॅनकेक ६८.२ × २२.८.

प्रश्न : जितकी गादी जाड तितका पाऊच चांगला, असं दुकानदार सांगतात. ३ मिमी आणि १० मिमी यांत खरंच फरक पडतो का? – वाचक, कोल्हापूर

पडतो, पण जाडी ही अर्धीच गोष्ट. लेन्स एक मीटरवरून पडली तर तिचा वेग किती अंतरात शून्यावर येतो, यावर तिला बसणारा झटका ठरतो. पाच मिमीचा फोम दाबून दाबून साधारण तीन मिमी दबतो. मग १००० मिमीच्या पडण्याला ३ मिमीचा थांबा, म्हणजे गुरुत्वाच्या सरासरी ३३० पट झटका. पंधरा मिमीचा फोम नऊ मिमी दबला तर तोच झटका ११० पटींवर येतो. तीन मिमीचं निओप्रीन ओरखड्यापासून आणि बॅगेतल्या आदळआपटीपासून वाचवतं. हातातून निसटून फरशीवर पडलेली लेन्स त्याने वाचेलच, असं समजू नका.

दुसरी अर्धी गोष्ट फोमच्या घट्टपणाची. उशीसारखा लुसलुशीत फोम लेन्सच्या वजनाने पहिल्याच क्षणी तळाला टेकतो, मग त्याची जाडी कागदावरच राहते. उलट फारच टणक फोम १६० ग्रॅमच्या लेन्सपुढे दबतच नाही आणि झटका जसाच्या तसा पुढे पाठवतो. दुकानात परीक्षा सोपी आहे. पाऊचची भिंत अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. किंचित जोर लावताच पलीकडचं बोट जाणवलं तर फोम कच्चा. जोर लावल्यावर दबला आणि सोडताच लगेच उठला तर ठीक. खड्डा तसाच राहिला तर सोडून द्या.

आणि परीक्षा भिंतीची करून थांबू नका, तळाची करा. पाऊच हातातून सुटला की बहुधा वजनाच्या बाजूने, म्हणजे तळावर किंवा तळाच्या काठावर पडतो. स्वस्त पाऊचमध्ये भिंतीला पाच मिमी फोम असतो आणि तळाला नुसतं कापड. बोट आत घालून तळ चाचपायला कोणी हरकत घेत नाही. तळाला भिंतीच्या दुप्पट गादी हवी. मिळाली नाही तर ईव्हीए या घट्टसर फोमची गोल चकती कापून आत टाका, फक्त त्या जाडीएवढी उंची आधी हिशेबात धरा.

प्रश्न : लेन्स जाड पाऊचमध्ये, सिलिका जेलची पुडी घालून, कपाटात ठेवली होती. गणपतीत बाहेर काढली तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय. पाऊच चांगला नव्हता का? – वाचक, चिपळूण

पाऊच चांगला होता आणि तेच नडलं. गादीचा पाऊच धक्क्यासाठी असतो, दमटपणासाठी नाही. चेन आणि शिवणीतून हवा ये-जा करतेच, आणि आत फोम, अस्तर, कापड हे सगळं जुलैतल्या हवेतली ओल पिऊन बसतं. आत काळोख, हवा खेळत नाही. हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला एवढं पुरतं. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने घरातली हवा त्याच्या कितीतरी वर असते.

पुडीचं गणित पाहा. एक-दोन ग्रॅमची पुडी स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास पाणी धरते, म्हणजे पाव-अर्धा ग्रॅम. बंद डब्यात हे बरंच झालं. तीस अंशांच्या पूर्ण दमट हवेतही घनमीटरला सुमारे तीस ग्रॅम वाफ असते, तेव्हा चार लिटरच्या डब्यातल्या हवेत पाणी जेमतेम ०.१२ ग्रॅम. पण पाऊच बंद नाही. पुडी बाहेरची हवा सुकवत बसते आणि दिवसा-दोन दिवसांत भरून जाते. त्यानंतर ती नुसती वाळूची पुडी.

करायचं ते असं. पावसाळ्यात लेन्स पाऊचमधून बाहेर काढा. झाकणाला रबरी वॉशर असलेला, चारी बाजूंनी खटका लागणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या. स्वयंपाकघरातला साधा स्टीलचा डबा हवाबंद नसतो. चार-पाच लिटरच्या डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत बांधून ठेवा आणि सोबत छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान हवा. ३० च्या खाली फार काळ राहिला तर जुन्या लेन्सचं वंगण आणि रबर सुकतं, तेव्हा जेल थोडं कमी करा. पाऊच डब्यात घालायचाच असेल तर आधी पंख्याखाली दोन दिवस उलटा करून वाळवा, नाहीतर जेलची निम्मी ताकद फोम सुकवण्यात जाईल.

जेल नारिंगी रंगाचं घ्या. ओलावलं की हिरवट होतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात मुलं असताना नको. नारिंगी जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा कोरडं होतं. जास्त तापवलं तर रंग जळतो आणि मग ते भरलंय की रिकामं, हे कळायचा मार्ग उरत नाही. डांबराच्या गोळ्या आणि कापूर लेन्सजवळ ठेवू नका. कपड्यांच्या कपाटातला हा उपाय इथे उलटतो, त्यांची वाफ काचेवर थर धरते. आजोबांच्या काळातली चामड्याची केसही शोभेपुरतीच ठेवा. चामडं ओल धरतं आणि त्यावर बुरशी आनंदाने वाढते.

दिसलेली बुरशी काचेच्या आत आहे, ती पुसून जाणार नाही. लेन्स उघडून साफ करणाऱ्याकडेच न्यावी लागेल, आणि लवकर न्या, कारण बुरशी जुनी झाली की काचेवरचा लेप खाते आणि डाग कायमचा राहतो. तो पाऊच कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा. वास जात नसेल तर टाकून द्या. दुसरी लेन्स त्यात ठेवू नका.

प्रश्न : निओप्रीनचा नवीन पाऊच उघडला तर टायरसारखा उग्र वास येतो. लेन्सला अपाय होईल का? – वाचक, पनवेल

तोंड उघडं ठेवून सावलीत तीन-चार दिवस टांगा, वास बहुतेक जातो. तोवर लेन्स आत ठेवू नका. निओप्रीनची खरी खोड वेगळी आहे. त्याचे बुडबुडे बंद असतात म्हणून पाणी आरपार जात नाही, पण वरचं नायलॉन पाणी धरतं आणि आतली ओल बाहेरही सुटत नाही. ओल्या हाताने लेन्स आत टाकली तर ते पाणी आतच राहतं.

प्रश्न : सोमवतीला जेजुरीला जाऊन आल्यावर पाऊच आतून पिवळाधमक झाला. लेन्सच्या झूम रिंगमध्येही भंडारा गेलाय. पाऊच नाडीचा आहे. पुढच्या वेळी काय करू? – वाचक, बारामती

नाडीचा पाऊच कितीही ओढला तरी मध्ये पेन्सिल जाईल एवढं भोक राहतं. बॅगेतल्या बॅगेत ते चालून जातं, पण पालखी कऱ्हेकडे निघाल्यावर जो भंडारा उधळला जातो, तो पिठापेक्षा बारीक असतो आणि तिथे ते भोक म्हणजे दरवाजाच. लोकरी, केसाळ अस्तर असेल तर आणखी वाईट. ते भंडारा धरून ठेवतं आणि नंतर महिनाभर लेन्सवर शिंपडत राहतं. गुलालाचंही तेच, म्हणून विसर्जन मिरवणुकीलाही हेच लागू.

पुढच्या वेळी पूर्ण फिरणाऱ्या चेनचा, आतून गुळगुळीत अस्तराचा पाऊच न्या. त्याच्याही आत लेन्स झिप असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पिशवी सात-आठ इंची पुरते. एक पिशवी लेन्सची आणि दोन रिकाम्या सोबत ठेवा, कारण पहिली दोनदा उघडली की तिच्या खाचेत भंडारा बसतो आणि ती नीट लागत नाही. त्याहून चांगलं म्हणजे गर्दीत लेन्स बदलूच नका. ३५ किंवा ५० लावून आत शिरा आणि बाहेर आल्यावरच बदला. झूम लेन्स लांबवताना आत हवा ओढते आणि हवेबरोबर भंडाराही, म्हणून तिथे झूमपेक्षा एकाच फोकल लांबीची लेन्स बरी.

आता साफसफाई. आधी पाऊच उलटा करून झटका, मग व्हॅक्यूम क्लीनरच्या बारीक तोंडाने अस्तर ओढून घ्या, मगच पाणी लावा. सुका भंडारा साबणाच्या पाण्याला लागला की हळद लाल होते आणि डाग पक्का बसतो. राहिलेला पिवळा रंग उन्हात दोन-चार दिवसांत बराच उडतो. लेन्सला मात्र ओलं फडकं अजिबात लावू नका. तोंड खाली करून आधी रबरी ब्लोअर, मग रिंगच्या फटीत कोरडा मऊ ब्रश, पुन्हा ब्लोअर, असं तीन-चार वेळा करा. त्यानंतरही रिंग फिरवताना कचकच लागली तर फिरवणं थांबवा आणि दुरुस्तीला द्या.

प्रश्न : चेन, नाडी की वेल्क्रो? पाऊच कमरेच्या पट्ट्याला लावून लोकलने फिरतो. – वाचक, ठाणे

कमरेला लावायचा तर चेन. गर्दीत नाडी दुसऱ्याच्या बॅगेत अडकते, आणि नुसत्या वेल्क्रोचं झाकण घासून उघडलेलं कळत नाही. चेनचे दात लेन्सला लागू नयेत म्हणून आतून कापडाची पट्टी आहे का, तेवढं पाहा. पट्ट्याचा पकडही तपासा. नुसत्या वेल्क्रोचा नको, वेल्क्रोवर बटण असलेला किंवा पट्टा आरपार ओवायचा हवा. लग्नात किंवा नाटकाच्या तालमीत काम असेल तर वेल्क्रो नकोच. मंगलाष्टकं चालू असताना ती ‘चर्रर्र’ आख्ख्या मांडवाला ऐकू जाते.

बॅगेत ठेवायच्या पाऊचला मात्र नाडीच सोयीची, एका हाताने उघडते. फक्त वरच्या भोकावर आडवी येणारी गादीची झडप असलेला घ्या.

प्रश्न : लेन्स पाऊचमध्ये काच वर ठेवायची की खाली? – वाचक, पुणे

माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायची बाजू, वर आणि काच खाली. काढताना हात थेट मागच्या झाकणावर जातो, झाकण फिरवलं की लेन्स तशीच कॅमेऱ्याला लागते, हातात उलटसुलट करावी लागत नाही. अट एकच, पुढचं झाकण पक्कं बसलेलं असावं आणि तळाला चांगली गादी असावी. तळ पातळ असेल तर उलटं करा.

कॅननची ५० एसटीएम आणि ४० एसटीएम असणाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी. जवळच्या वस्तूवर फोकस केल्यावर यांची पुढची नळी बाहेर आलेली असते आणि कॅमेऱ्यावरून काढली की तशीच राहते. लेन्स सुटी असताना रिंग फिरवून उपयोग नाही, कारण रिंग मोटरला फक्त इशारा देते आणि मोटरला वीज कॅमेऱ्यातून मिळते. नळी बाहेर असताना पाऊचमध्ये काच खाली कोंबली तर सगळं वजन फोकसच्या दात्यांवर येतं, आणि पुढे फोकस अडकू लागतो. म्हणून काढण्याआधी दूरच्या झाडावर फोकस करून नळी आत घ्या. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत बंद करताना लेन्स आत घेण्याची सोय आहे, ती चालू ठेवा.

प्रश्न : दोन पॅनकेक लेन्सेस एकाच पाऊचमध्ये ठेवता येतील का? – वाचक, सातारा

येतील, पण मोकळ्या एकावर एक नको, एकमेकींची झाकणं ढिली करतात. मध्ये १० मिमी फोमची चकती घाला. किंवा जुनी युक्ती करा : मागची दोन झाकणं पाठीला पाठ लावून जोडायची आणि दोन्ही बाजूंना एकेक लेन्स फिरवायची. झाकणांची पाठ पॉलिश पेपरने खरबरीत करून इपॉक्सी लावा, पण निव्वळ चिकटावर राहू नका, मध्ये दोन बारीक स्क्रू आणि नट घाला. काही झाकणांच्या प्लॅस्टिकला इपॉक्सी धरतच नाही. स्क्रूचं टोक आत लेन्सच्या मागच्या काचेला पोचणार नाही, हे रिकाम्या झाकणात डोळ्यांनी पाहून मगच लेन्स लावा. एक लेन्स काढताना दुसरी हातात घट्ट धरा, नाहीतर चुकीची सुटते.

प्रश्न : घरी शिलाई मशीन आहे. निकॉन ३५ मिमीसाठी पाऊच शिवायचा आहे. झाकणांसकट लेन्स ७० × ६७ मिमी भरली. सोलापुरी चादरीचं कापड वापरलं तर? – वाचक, सोलापूर

चादर दिसेल झकास, पण सुती आहे, ओल धरेल आणि आतून लावली तर धागे सोडेल. टॉवेलच्या कापडाचंही तेच. बाहेरून दप्तराचं मॅटी कापड घ्या, आतून खेळाच्या जर्सीचं गुळगुळीत पॉलिएस्टर. चादरीची हौस बाहेरच्या खिशावर भागवा.

आतलं माप धरू या व्यास ७६ आणि उंची ७६ मिमी. फोम ५ मिमीचा ईव्हीए घ्या. पॅकिंगचा पांढरा ईपीई फोमही चालतो, पण त्याला चिकट धरत नाही, टेपने जोडावा लागतो. गादीतला पिवळा पीयू फोम मात्र टाळा. दमट हवेत काही वर्षांत त्याचा भुगा होतो आणि तो भुगा थेट लेन्सच्या माउंटमध्ये जातो. जुन्या पाऊचमधून असा पिवळा चुरा पडताना दिसला तर तो पाऊचच टाकून द्या.

बेतायचं असं. फोमची पट्टी २५४ मिमी लांब, ८६ उंच. लांबी निघते भिंतीच्या मधल्या घेरावरून, म्हणजे ७६ अधिक ५, गुणिले ३.१४. आतल्या घेराने कापली तर पट्टी अपुरी पडते, बहुतेकांची पहिली चूक हीच. तळाला ७६ व्यासाच्या दोन चकत्या, एकावर एक, पट्टीच्या आत बसणाऱ्या. त्यांची जाडी १० मिमी, म्हणूनच भिंत ७६ ऐवजी ८६. झाकणासाठी ७४ व्यासाची तिसरी चकती.

बाहेरचं कापड २९५ × १६५ मिमी. बाहेरचा घेर २७० येतो, दोन्हीकडे दहा-दहा शिवणीला आणि थोडा सैलपणा. उंचीत १० तळाच्या शिवणीचे, ८६ भिंतीचे, ४५ वर चुणून येणाऱ्या गळ्याचे आणि २४ नाडीच्या नेफ्याचे. बाहेरचा तळ १०६ व्यासाचा. अस्तर २६० × १००, त्याचा तळ ९६ व्यासाचा.

सोळा नंबरची सुई, पॉलिएस्टर दोरा, टाका ३ मिमीचा. आधी बाहेरच्या कापडाची उभी शिवण घाला, वरचे २४ मिमी मोकळे सोडा म्हणजे नाडीला तोंड राहील. मग तळ जोडा. सरळ काठ आणि गोल चकती जुळत नाहीत ही दुसरी नेहमीची चूक. ती टाळायला नळीच्या काठावर आणि चकतीवर चार समान खुणा करा, खुणेला खूण टाचा, आणि नळीच्या काठाला दर सेंटीमीटरवर सहा मिमीची चीर द्या. चीर दहाची दिलीत तर शिवणीत भोक पडेल. अस्तराची नळी तशीच वेगळी शिवा. फोममधून मशीन चालवू नका, टाके सुटतात आणि फोम तिथे कायमचा दबतो.

फोमची पट्टी गोल करून टोकं फेव्हिकॉल एसआरने चिकटवा आणि दोन दिवस उघड्यावर ठेवा, त्याचा वास लेन्सजवळ नको. बाहेरची पिशवी सुलट करून आत फोम बसवा, तळाच्या चकत्या टाका, वर अस्तर. फोमच्या वरच्या काठावर अस्तर पाच मिमी पलटवून उरलेला काठ आत दुमडा आणि बाहेरच्या कापडाला हाताने तुरपाई करा. बाहेरचा घेर तीन सेंटीमीटरने जास्त भरेल, तो चार ठिकाणी बारीक चुण्या घेऊन जिरवा. अस्तराचा तळ फोममधून दोन टाके मारून खाली पकडून ठेवा, नाहीतर दरवेळी लेन्सबरोबर अस्तर बाहेर येईल. शेवटी नेफा दुमडून नाडी आणि टॉगल.

झाकणाची चकती कापडात शिवून, एका कडेला बोटभर रिबिनीने आतल्या काठाला अडकवा. लेन्सवर ती पडली की वर चार मिमी मोकळे राहतात. नाडी ओढल्यावर हे चार मिमीही जातात आणि लेन्स हलत नाही.

प्रश्न : पाऊच चांगला असेल तर लेन्स स्कूटरच्या डिकीत ठेवलेली चालते का? – वाचक, नागपूर

मे महिन्यात तर नाहीच. उन्हात उभ्या गाडीची डिकी बाहेरच्या पंचेचाळीस अंशांच्याही वर जाते, आणि पाऊच उष्णता फक्त उशिरा आत येऊ देतो, अडवत नाही. जुन्या मॅन्युअल लेन्समध्ये त्या उष्णतेने वंगण पातळ होऊन अॅपर्चरच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त आत सोडणाऱ्या भोकाच्या, पात्यांवर उतरतं, मग पाती चिकटून संथ उघडतात. दुसरं कारण थरथरीचं. इंजिनाचा सततचा बारीक कंप फोम फारसा खात नाही, तो पडण्याचा एक मोठा झटका खातो. तासनतास असं थरथरून लेन्सच्या माउंटचे स्क्रू ढिले होतात. लेन्स पाठीवरच्या बॅगेत ठेवा, शरीर त्या बारीक कंपाला उत्तम गादी आहे. आयएस किंवा व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा) असलेली लेन्स हलवल्यावर आत काहीतरी खुटखुटतं, ते मात्र नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका.

प्रश्न : थंड पेयाच्या कॅनला घालतात ते निओप्रीनचं कव्हर लेन्सला चालेल का? – वाचक, मडगाव

६० ते ६५ मिमी व्यासाच्या लेन्सला छान बसतं, कारण ३३० मिलिलिटरचा नेहमीचा जाडा कॅन ६६ मिमीचा असतो. वर तोंड उघडं आणि तळ पातळ, म्हणून तळाला एक चकती टाका आणि बॅगेच्या कप्प्यात उभंच ठेवा. आतून कोरडं आहे ना, तेवढं पाहून घ्या.